जागेचा आवाज

पहिल्या दृश्यात एक चढण आहे.
नऊ मिनिटं ती चढणच आहे.
डावीकडून वेस्ता येतो, खांद्यावर कुऱ्हाड,
मागे त्याची काबरी, एक पाय उचलून चालणारी कुत्री.
कॅमेरा हलत नाही,
पाणी मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहिलेल्या
पाहुण्यासारखा.

मी चौकटीच्या बाहेर होतो.
सागाच्या वाळल्या पानांत गुडघे रोवून,
हातात माईकची काठी, कानांत वेस्ताचा श्वास.
एक मुंगळा माझ्या पोटरीवरून निघाला
तो मांडीपर्यंत पोचला.
शेवटच्या मिनिटाला मी पाय हलवला.
एवढासा.

धडगावच्या पुढे जीप जिथं माघारी वळते
तिथून उंबरपाणी तीन तास.
घरं एकेकटी, आपापल्या टेकाडावर,
मध्ये अंतर हाकेचं.
रुमली हाक मारते आणि भाकर थापायला घेते,
उत्तर येईतो एक भाजून होते.

शूटिंग संपलं की जागेचा आवाज घ्यायचा असतो.
एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही.
शहरात यासाठी घसा फोडावा लागतो.
इथं मी हात वर केला
तर सगळे आधीच गप्प होते.
गिंबाच्या हातात चारोळी तशीच राहिली.
मिनिट संपलं, मी हात खाली घेतला,
तरी कुणी बोलेना.
त्यांना वाटलं, अजून काहीतरी यायचं आहे.

शहाद्याला मोठ्या भावाला लॅपटॉपवर दाखवला.
चौथ्या मिनिटाला त्यानं तंबाखू मळायला घेतली.
‘यामा काय व्हस रे भो?’
काही नाही, म्हटलं. चढण.

वर्षानं तोच सिनेमा घेऊन परत वर गेलो.
आश्रमशाळेची भिंत, तिच्यावर धुतलेलं धोतर,
जनरेटर नाल्यापलीकडं, खड्ड्यात,
तरी त्याची धडधड भिंतीला लागतच होती.

इथं कुणाला तो संथ वाटला नाही.
उलट, घाई झाली.
ती बघ खेमाची शेळी, अरे गेली.
तो धूर सायकीच्या घरचा,
म्हणजे ती तेव्हा माहेराहून आली होती तर.
कडेला पळसाखाली कुणीतरी बसलंय,
चाळीस वेळा पाहून मला ते दिसलं नव्हतं.
एका पोरानं सांगितलं, ती माझी आत्या, तिला ताप होता.

वेस्ता पुढंच बसला होता, गुडघ्यांवर हनुवटी.
भिंतीवरच्या वेस्ताशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.
तो काबरीकडं बघत होता.
आषाढात तिला बिबट्यानं नेलं.

नववं मिनिट.
माणूस चौकटीतून गेला. कुत्री जायला निघाली.
आणि वेस्तानं शीळ घातली,
खालच्या ओठाची, आखूड, घरची.

काबरी थांबली.
मान वळवून तिनं आमच्याकडं पाहिलं.

गर्दीतून जे निघालं
त्याला हुंकार म्हणू की काय म्हणू,
माझ्याकडं त्याचं रेकॉर्डिंग नाही.
बायकांनी पदर तोंडाला लावले.
रुमली उठून उभी राहिली.

मला माहीत होतं ती का थांबली.
दिग्दर्शक तेव्हा माझ्यावर केवढा चिडला होता,
मग म्हणाला, राहू दे.
मी गप्प बसलो.

‘परत,’ लोक म्हणाले.
डिझेल तेवढ्यापुरतं होतं.
परत चढण, परत कुऱ्हाड, शेळी, धूर.
या वेळी वेस्तानं शीळ घातली नाही.
डोळे मिटून घेतले, नुसता ऐकत राहिला.

काबरी थांबली. वळली.

जनरेटर बंद झाला तेव्हा
अंधार आधी आला, मग शांतता.
वेस्ता माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला,
पावरीत काही बोलला,
मला त्यातले दोनच शब्द कळले.
पान.
तू.

हसला का, ते अंधारात दिसलं नाही.
जाताना त्याची पावलं मी ऐकत होतो,
सागाची पानं सगळीकडं पडलेली,
एकही वाजलं नाही.